ठिपका ठेवण्याआधी

अनेक आशीर्वाद.

हल्ल्या-आंदोलनांच्या बातम्यांवरून तू केलेली पहिल्या आठवड्याच्या नोंदींची शीट काल रात्री वाचली. फार सुबक आहे, म्हणूनच जरा काळजी वाटली.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या नोंदी उघड. मूळ बातमी म्हणते, ‘मोप्ती प्रदेशात हल्ला’. तू ठिपका मोप्ती शहरावर ठेवलास. ते ठीक, जगभरातल्या संघर्षांच्या आणि आंदोलनांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेची, ‘अ‍ॅक्लेड’ची पद्धत तशीच आहे: गावाचा पत्ता नसेल तर प्रदेशाचं मुख्य शहर धरायचं. पण मग ठिकाणाच्या अचूकतेच्या रकान्यात ३ (फक्त प्रदेश माहीत) हवा, तू १ (नेमकं ठिकाण माहीत) टाकलास. अशा पन्नास नोंदी साचल्या की नकाशावर मोप्ती शहर पेटलेलं दिसतं आणि हल्ला झालेली खेडी कोरीच राहतात.

मृतांचे आकडेही असेच. बातमीत ‘डझनावारी’ असेल तर १२ लिहितो, ‘शेकडो’ असेल तर १००. नुसतं ‘अनेक’ असेल तर १०, घटना लहान वाटली तर ३. हे संकेत आहेत, मोजणी नव्हे. दोन बातम्यांत दोन आकडे आले की लहान आकडा घ्यायचा. तू सरासरी काढलीस, ती कृपा करून पूस.

आता माझा जुना राग. ‘मोर्चाला हिंसक वळण लागले.’ आपल्या वर्तमानपत्रांचं हे लाडकं वाक्य! वळण कोणी लावलं? लोकांनी दगड मारले असतील तर ती दंगल. शांत बसलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या असतील तर ते निदर्शनच राहतं, फक्त उपप्रकारात बळाचा अतिरेक नोंदवायचा. वाक्यात कर्ता सापडेना तर दुसरी बातमी शोध. मथळ्यावरून प्रकार ठरवू नकोस. (मी ठरवले आहेत. तीन महिन्यांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या.)

ओळींची संख्या म्हणजे आंदोलनाचा आकार, असंही समजू नकोस. ९ ऑगस्ट २०१७ चा मुंबईतला मराठा मोर्चा लाखोंचा, पण एक दिवस, एक ठिकाण म्हणून ओळ एकच. सिंघू सीमेवर शेतकरी नोव्हेंबर २०२० पासून वर्षभर ठाण मांडून होते. तिथे दिवसागणिक नवी ओळ होऊ शकते. आलेख काढताना हे विसरलास तर संपादक विचारणार नाहीत, वाचकही नाहीत. चूक तशीच छापून येईल.

मालीच्या सगळ्या ओळी मूळ बातम्यांसह शुक्रवारपर्यंत परत पाठव. मोप्तीपासून सुरुवात कर.