भिंतीवर खारफुटी, पण कोकणातली

प्रश्न : कोथरूडला आमच्या हॉलच्या एका भिंतीला खारफुटीच्या जंगलाचं वॉलपेपर कस्टम प्रिंट करून घ्यायचंय, डिझायनरने वाघ आणि फ्लेमिंगो टाकलेत, छान दिसतंय पण काहीतरी खटकतंय. काय करू?

उत्तर : खटकणारच हो, खारफुटीतला वाघ सुंदरबनचा, आपल्या कोकणातल्या खाडीत तो कुठला! फ्लेमिंगो चालतील, ठाण्याच्या खाडीत येतातच की. पण खरी मजा खारफुटीच्या झाडांच्या मुळांत आहे, तिवराची चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली आणि कांदळाची कमानीसारखी खाली उतरणारी, ती भिंतीच्या खालच्या भागात दाट घ्या म्हणजे सोफ्याच्या वर खंड्या, बगळे यांना मोकळी जागा उरते. मधे निवट्या (चिखलात उड्या मारणारा छोटा मासा) आणि एकच नांगी मोठी असलेला नर खेकडा हवाच, मुलं शोधत बसतील. पांढरी चिप्पी पण घ्या, २०२० पासून ती महाराष्ट्राचा राज्य कांदळवन (म्हणजे खारफुटी) वृक्ष आहे आणि तिची पांढरी फुलं रात्री उमलतात, त्यामुळे गडद हिरव्या-निळ्या बॅकग्राउंडवर मस्त उठून दिसतील. गुलाबी जरा कमीच ठेवा. आणि भिंतीला ओल असेल तर आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात कडा सुटतात.