वाराणसीत वीकेंडला काय काय बघता येईल?
शनिवारी पहाटे अस्सी घाटावरून नाव करा, घाट पूर्वेकडे तोंड करून असल्याने कोवळं ऊन थेट पायऱ्यांवर येतं आणि अंघोळ करणारे, कपडे आपटणारे, मणिकर्णिका या स्मशानघाटावरचे चितेच्या लाकडांचे ढीग असं एकेक दिसत जातं (तिथे फोटो नका काढू प्लीज). मग विश्वनाथाचं दर्शन, आत्ताचं देऊळ आपल्या अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलेलं आहे. दशाश्वमेध घाटावरची संध्याकाळची गंगा आरती बघाच पण गर्दी फार, नावेतून बरी दिसते. रविवार पूर्ण सारनाथला द्या, साधारण १० किमी, धामेक स्तूप तर आहेच पण म्युझियम अजिबात सोडू नका, आपली राजमुद्रा जिच्यावरून घेतली ती अशोकस्तंभाची मूळ सिंहमुद्रा समोर बघायला मिळते. वेळ उरलाच तर रामनगर किल्ला.