नाशिकमध्ये उन्हाळ्यात पक्षी-कीटक बघण्यासारखं काही असतं का?

नोकरीसाठी नुकतेच नाशिकला आलात, जो तो थंडीत नांदूर मधमेश्वरला जा म्हणतो, मग मार्च ते जून नवख्या माणसाने काय बघायचं आणि कुठे, असं तुम्ही विचारलंय.

माझं म्हणणं, उन्हाळ्यातच सुरुवात करा. आणि पक्ष्यांच्या मागे न लागता आधी किड्यांकडे बघा.

गोदावरी-कादवेच्या संगमावरचं नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, त्याची थोरवी मोठीच आहे. पण थंडीतली तिथली गर्दी बरीचशी पाहुण्या पक्ष्यांची असते. ऊन तापायला लागलं की ते उत्तरेकडे परततात. मागे उरतात घरचे पक्षी, आणि त्यांतल्या कितीतरींचा संसार याच दिवसांत मांडलेला असतो. पिल्लांना लागतात किडे. एरवी फुलातला मध पिणारा शिंजीर, दाणे टिपणारी चिमणी, पाऊस जवळ आला की विहिरीवरच्या बाभळीला खोपे बांधणारी सुगरण, सगळे पिल्लांच्या चोचीत अळ्या, कोळी, नाकतोडेच भरवतात. किडा कुठे आहे हे कळलं की पक्षी फार शोधावा लागत नाही.

कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर रोज सकाळी पानं उलटून बघा. पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नका, ती फुलपाखराची अळी असते. थोडी मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते. माझ्या कुंडीतल्या अशा अळ्या शिंपी पक्षी एकेक करून घेऊन जायचा. आधी मला वाईट वाटायचं. मग एकदा तो अळी घेऊन जातो कुठे ते बघत बसलो, तेव्हा शेजारच्या बदामाच्या दोन पानांत शिवलेलं घरटं सापडलं. खिडकीच्या चौकटीवर मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशीसुद्धा याच दिवसांत दिसते. आत अंडं आणि बेशुद्ध केलेली शिकार ठेवून ती तोंड लिंपून घेते. एक घर बांधून होईपर्यंत बघाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वळवाच्या पहिल्या चांगल्या सरीनंतर घरात थांबू नका. जमिनीतून वाळवीचे पंखवाले राजा-राणी हजारोंनी बाहेर पडतात, आणि पुढचा तासभर जे चालतं ते मी दरवर्षी नव्याने बघतो. गंगापूर रोडला आमच्या सोसायटीमागे मोकळा प्लॉट आहे. मागच्या वर्षी तिथे एकाच वेळी साळुंक्या आणि बुलबुल जमिनीवर, वेडे राघू आणि कोतवाल तारांवरून झेपावताना, पाकोळ्या त्यांच्या वर, आणि घारी हवेतल्या हवेत पंजाने किडा धरून उडता उडताच खात होत्या. अंधार पडला तसे पक्षी गेले आणि वटवाघळं आली. दिव्याच्या खांबावर पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, येऊन बसला. सकाळी रस्त्यावर नुसते गळलेले पंख.

त्याच सुमारास कडुलिंबाच्या आणि बाभळीच्या फांद्या संध्याकाळी तपकिरी भुंगेऱ्यांनी भरतात. हे हुमणीचे भुंगेरे. निफाडकडचा ऊसवाला शेतकरी त्यांना चांगलाच ओळखतो, कारण यांच्या अळ्या जमिनीखाली मुळं खातात. रात्री फांद्या हलवून ते गोळा करायची पद्धत आहे. एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याबरोबर एक रात्र जा, पुस्तकातून मिळत नाही एवढं कळेल.

जागांचं म्हणाल तर सकाळी साडेआठच्या आत पांडवलेणीचा पायथा. उंबर किंवा वड फळलेला असेल तर तांबट पक्षी हमखास, आणि नशीब असेल तर हरोळी, म्हणजे आपला राज्यपक्षी. गोदाकाठच्या उघड्या खडकाळ जागी टिटवी अंडी घालते. ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि तापलेल्या अंड्यांवर बसते. हे मी लांबून, दुर्बिणीतून बघितलं आहे. ती ओरडत डोक्यावर फिरू लागली तर लगेच मागे फिरा, उन्हात अंडी उघडी राहिली की ती वाया जातात. धाविक आणि चंडोल बघायचे असतील तर येवल्याकडचे माळ.

काजव्यांसाठी मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत लोक भंडारदऱ्याला जातात. मी आता तिथे जात नाही. काजव्याचा उजेड म्हणजे नर-मादीचं बोलणं, आणि तिथे गाड्यांच्या दिव्यांची रांग लागते. इगतपुरी-त्र्यंबककडच्या एखाद्या गावातल्या माणसाला सोबत घ्या, मोबाइल खिशात ठेवा आणि हिरडा, सादडा, जांभळाखाली गप्प उभे राहा.

जून लागता लागता कान उघडे ठेवा. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणायला लागलेला असतो. चातक आफ्रिकेतून वाऱ्याबरोबर येतो आणि अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. मृग लागला की ओल्या मातीवर लाल मखमली मृगाचे किडे. त्यांचे पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे ते कोळ्याचे नातलग, कीटक नव्हेत.

वहीत रोज तारीख, वेळ, झाड आणि हवा लिहा. फोटो असेल तर इनॅचरलिस्टवर आणि पक्ष्यांची यादी ईबर्डवर टाका, या निसर्गनोंदींच्या वेबसाइट आहेत. नाव चुकलं तर कोणीतरी जाणकार सुधारतो. पक्षी बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज मात्र कधीही वाजवू नका, विणीच्या काळात तर नाहीच.

आणखी एक. याच दिवसांत दक्षिणेकडून येणारा नवरंग पक्षी दमून एखाद्या बाल्कनीत उतरतो, काचेवर आपटतो. असा सापडला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. सावरला की जवळच्या झाडीत खोकं उघडा. उडू शकत नसेल तर वनविभागाला कळवा.