वाचकांचे प्रश्न : ‘रणांगण’ची बैठक

प्रश्न : आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ठरली आहे. बारा-तेरा जण असतो, वेळ दीड तास. मागे युद्धावरची एक कादंबरी घेतली तेव्हा सगळा वेळ हिटलरवर गेला आणि पुस्तक बाजूलाच राहिलं. या वेळी काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : युद्धावरच्या कादंबऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. युद्धाबद्दल प्रत्येकाला काही ना काही ठाऊक असतं आणि पुस्तकाबद्दल बोलण्यापेक्षा ते सांगणं सोपं जातं. ‘रणांगण’मध्ये तर लढाई नाहीच. युरोपातून मुंबईकडे निघालेली इटालियन बोट, तिच्यावर मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस नावाचा तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू निर्वासित, त्यांतलीच त्याच्या प्रेमात पडणारी हॅर्टा. युद्ध अजून पेटायचं आहे.

म्हणून आधी तारीख पक्की धरा. कादंबरी १९३९ची आहे. ज्यूंना जिथे लाखोंनी मारलं ती ऑशविट्झची छावणी आपल्याला माहीत आहे. लिहिणाऱ्याला नव्हतं, बोटीवरच्या कुणालाच नव्हतं. आपण ते ज्ञान नकळत हॅर्टाच्या तोंडी घालतो आणि मग तिचं हसणं, तिचं प्रेमात पडणं आपल्याला कळेनासं होतं. पहिला तासभर १९३९ नंतरचं काहीही काढायचं नाही, हा नियम सुरुवातीलाच सांगून टाका. कडक वाटला तरी पाळा.

त्याऐवजी त्या माणसांना काय माहीत होतं, ते अर्ध्या पानात लिहून आठवडाभर आधी सगळ्यांना पाठवा. एवढं पुरे : सप्टेंबर १९३५मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे आले. ज्यूंचं नागरिकत्व गेलं, इतर जर्मनांशी लग्न करायला बंदी आली. जुलै १९३८मध्ये या निर्वासितांना कोण घेणार हे ठरवायला फ्रान्समधल्या एव्हियांला ३२ देशांची परिषद भरली. सहानुभूती सगळ्यांनी दाखवली, दार फारसं कुणी उघडलं नाही. ऑक्टोबर १९३८पासून ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’चा (‘Jude’, म्हणजे ज्यू) शिक्का बसू लागला. ९ नोव्हेंबरच्या रात्री देशभर सिनेगॉगं (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळली, दुकानं फोडली. १ जानेवारी १९३९पासून बाईच्या नावाला ‘सारा’ आणि पुरुषाच्या नावाला ‘इस्राएल’ जोडणं सक्तीचं झालं. देश सोडताना रोख नेता येई ती फक्त १० मार्क.

सोबत जगाचा नकाशा भिंतीवर लावा आणि जिनोव्हा, पोर्ट सईद, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, शांघाय असा दोरा ताणा. त्या काळच्या इटालियन बोटींचा हा ठरलेला रस्ता. निर्वासित शांघायलाच का निघाले, हे कुणीतरी विचारतंच. १९३७ला जपान्यांनी भोवतालचा मुलूख घेतल्यावर तिथे पासपोर्ट तपासणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे व्हिसा नसला तरी उतरता येई. मुंबई या दोऱ्याच्या जवळजवळ मध्यावर येते. चक्रधरचा प्रवास जिथे संपतो, तिथे हॅर्टाचा अर्धाच झालेला असतो. हे तोंडाने सांगण्यापेक्षा नकाशावर बोट ठेवून दाखवा, लगेच पोचतं.

वेळ अशी वाटा : दहा मिनिटं टिपण आणि नकाशा, दहा मिनिटं मोठ्याने वाचन (दोन उतारे, एक बोटीवरच्या गर्दीचा, एक मुंबईनंतरचा), मग पन्नास मिनिटं फक्त पुस्तक. उरलेल्या वीस मिनिटांत हिटलर, गांधी, आजचं जग, जे हवं ते. बोलायला जागा आहे हे कळलं की लोक आधी घुसत नाहीत. पहिला प्रश्न शीर्षकाचा ठेवा : लढाई नाही, तर रणांगण कुठलं? तेराही जणांना यावर बोलता येतं.

प्रश्न : आमची चर्चा ‘चक्रधर भित्रा, त्याने हॅर्टाला मुंबईत उतरवून घ्यायला हवं होतं’ इथेच अडकली. पुढे कशी न्यायची?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : त्याला दोष द्यायला हरकत नाही, पण आधी उतरवणं म्हणजे काय ते बघा. हिंदुस्थानात पाऊल ठेवायला ब्रिटिश व्हिसा लागे. तो मिळायला हातात नोकरी, नाहीतर मुंबईच्या ज्यू रिलीफ असोसिएशनसारख्या संस्थेची किंवा एखाद्या ऐपतदार माणसाची हमी. बंदरावर हात धरून खाली आणण्याइतकं ते सोपं नव्हतं. पुढचं तर आणखी वाईट : ३ सप्टेंबर १९३९ला ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि जर्मन पासपोर्टवाले सगळे शत्रुराष्ट्राचे ठरले. पुरुषांना, त्यांत ज्यू निर्वासितही आले, अहमदनगरच्या छावणीत डांबलं. चौकशी होऊन त्यांतले बरेच ज्यू पुढे सुटले. (वरचा तासाभराचा नियम इथे मोडतो, म्हणून हा मुद्दा शेवटच्या वीस मिनिटांतच घ्या.)

एवढं मांडल्यावर प्रश्न बदलतो : कायदा आडवा होता, पण चक्रधरने त्यावर डोकं आपटून तरी पाहिलं का? आता ‘भित्रा’ म्हणणाऱ्याने पान दाखवायचं आणि बाजू घेणाऱ्यानेही. कादंबरी चक्रधरच्या बाजूने सांगितलेली आहे, तेव्हा हॅर्टा आपल्याला दिसते ती त्याच्याच डोळ्यांनी. त्याच्या नजरेतून काय निसटलं असेल, हे शोधायला लावा. चर्चा इथे खरी रंगते.

प्रश्न : निम्म्या लोकांचं वाचून झालेलं नसतं. शेवट सांगावा का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : सांगावा. शेवट लपवत बसलात तर निम्मं पुस्तक बोलताच येत नाही. पण आधी कळवा, म्हणजे ज्याला तो आयता नको असेल तो आदल्या दिवशी बसून वाचेल. कादंबरी छोटी आहे, दोन बैठकांत सहज होते.