लॉनवरचा डीजे, पोलिसांची ‘परवानगी’ आणि कानातली शिट्टी

प्रश्न : आमच्या इमारतीला लागून लग्नसमारंभांचं उघडं लॉन आहे. हंगामात रात्री साडेअकरापर्यंत डीजे चालतो, खिडक्यांची तावदानं थरथरतात. पोलिसांना फोन केला की ‘त्यांच्याकडे परवानगी आहे’ असं उत्तर मिळतं. काही महिन्यांपासून माझ्या कानात शिट्टीसारखा आवाज येतो आहे. लॉनमालकावर नुकसानभरपाईचा दावा लावू का?

उत्तर : दाव्याचं नंतर पाहू. आधी ती परवानगी. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावायला मनाई आहे. सूट आहे ती बंदिस्त सभागृहाला, तीही आतल्या आत ऐकू जाण्यापुरती. उघड्या लॉनला ती मिळत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकतं, पण ती सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी. कुणाच्या घरचं लग्न त्यात बसत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी परवानगीची प्रत मागा आणि तिच्यावरची वेळ वाचा.

लोक मोबाइलवर डेसिबल मोजत बसतात आणि ‘ॲपचा आकडा कोर्टात चालेल का’ म्हणून अडतात. दहानंतर आकड्याची गरजच नाही. उघड्यावर ध्वनिक्षेपक चालू असणं हेच उल्लंघन. घड्याळ दिसेल असा खिडकीतून काढलेला व्हिडिओ त्याला पुरे. दहाच्या आत मात्र मोजमाप लागतं : निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि खासगी जागेतल्या साउंड सिस्टीमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर मर्यादेपेक्षा फार तर ५ डेसिबल जास्त चालतो. हे मोजणं यंत्रणेचं काम आहे. तुम्ही मोजणीची लेखी मागणी करा.

आता तक्रार कुणाविरुद्ध? वऱ्हाड रोज बदलतं, मालक तोच राहतो. म्हणून रात्री ११२ वर फोन करून थांबू नका. तारीखवार नोंदींसह लॉनमालकाविरुद्ध पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, एक प्रत पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षक कार्यालयात द्या. सोसायटीच्या लेटरहेडवर दिलीत तर आणखी बरं. नाव उघड होण्याची भीती असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२५ मधला निकाल दाखवा : तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा, असं पोलिसांना बजावलेलं आहे. हे ध्वनिनियम ज्याच्याखाली येतात त्या पर्यावरण संरक्षण कायद्यातली या गुन्ह्याची कैद १ एप्रिल २०२४ पासून गेली, तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. माझ्या मते लॉनमालकाला हाच जास्त झोंबतो. तरीही थांबलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे उपद्रव हटवण्याचा अर्ज, किंवा दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा दावा.

राहिली भरपाई. स्पष्टच सांगतो, ऐकण्यावर परिणाम झाल्याचा दावा लावू नका. कानाला इजा होण्याचा धोका साधारण ८५ डेसिबलला रोज आठ तास राहिल्यावर मानला जातो. बंद खिडकीआड, हंगामापुरते, रात्रीचे दोन-तीन तास यातून ते सिद्ध करणं फार अवघड. समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारेल, ‘हेडफोन वापरता का?’ आणि तुम्ही वापरत असाल तर तिथेच दावा लंगडा पडेल. तुमची भक्कम बाजू झोपेची आहे. शांततेत जगणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात मान्य केलं आहे. मनाई मागण्यासाठी बहिरेपण दाखवावं लागत नाही.

कानातज्ज्ञांकडे मात्र जाच, ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढून घ्या. शिट्टीचं कारण कानातला मळ, रक्तदाब, एखादं औषध असंही काही निघू शकतं. तो अहवाल तक्रारीला जोडायची घाई करू नका, आधी मला दाखवा.