वाचकांचे प्रश्न : टाकीत पेट्रोल आहे, मग गाडी घाटातच का मरते?

प्रश्न : नमस्कार दादा, माझी रॉयल एनफील्डची थंडरबर्ड ३५० आहे, २०१३ ची, कार्बवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा कार्ब्युरेटर असलेली). गावात मस्त चालते पण पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढायला लागलं की अर्ध्या घाटात झटके खायला लागते, थ्रॉटल दिला की अजूनच मरते आणि बंद पडते. टाकीत निम्म्याच्या वर पेट्रोल असतं. दहा मिनिटं उभी केली की काही झालंच नाही अशी चालू होते, थोडं वर गेलं की परत तेच. मेकॅनिकने कार्ब दोनदा साफ केला, दोन्ही प्लग बदलले, आता म्हणतोय नवीन कार्बच टाकू. टाकू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नका टाकू, आत्ता तरी नकोच. तुम्ही स्वतःच महत्त्वाची गोष्ट लिहिलीय, दहा मिनिटांनी गाडी आपोआप नीट होते. जेट, म्हणजे कार्बमधलं पेट्रोलचं बारीक भोक, बुजलेला असता तर तो नुसतं उभं राहून मोकळा झाला नसता ना. कार्बच्या बाऊलमध्ये, म्हणजे खालच्या वाटीत, पेट्रोल अगदी थोडं मावतं आणि ते वरून सतत भरत राहावं लागतं. सपाटीवर थोडं थोडं आलं तरी भागतं, चढावर इंजिन जास्त पितं आणि वरून येणारी धार पुरत नाही, बाऊल रिकामा होत जातो आणि गाडी मरते. उभी राहिली की तेवढ्यात बाऊल परत भरतो. म्हणजे संशय कार्बच्या वरच्या बाजूवर घ्यायचा : टाकीचं झाकण, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी), पाइप, फिल्टर, आणि फार तर बाऊलच्या तोंडाची फ्लोट नीडल, म्हणजे बाऊल भरला की पेट्रोल थांबवणारी सुई.

पण आधी हा प्रॉब्लेम पेट्रोलचाच आहे हे पक्कं करा, कारण पिकअप कॉईल (प्लगला ठिणगी कधी टाकायची ते सांगणारा भाग) किंवा वायरिंग गरम होऊन गेलं तरी गाडी अशीच मरते आणि थंड झाली की चालू होते. फरक एवढाच की करंट गेला की बहुतेक वेळा बटण दाबल्यासारखी एकदम बंद पडते, पेट्रोल कमी पडलं की आधी झटके खाते. खात्री करायची तर गाडी मेली की लगेच कॉक बंद करा. मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या, घाई अजिबात नको, आणि बाऊलच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत घ्या. कॉक बंद असल्यामुळे बाऊल मधल्या वेळात भरलेला नसतो. चार थेंब आले तर पेट्रोल पोचत नव्हतं, चांगलं भरभरून आलं तर कार्बचा नाद सोडा आणि इलेक्ट्रिशियनकडे जा.

पेट्रोलचाच निघाला तर पुढच्या वेळी घाटात बंद पडल्यावर पहिलं काम म्हणजे टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली आणि लगेच गाडी चालू होऊन पुढे नीट पळाली तर दोष झाकणाच्या वेंटचा, म्हणजे हवा आत घेणाऱ्या भोकाचा. पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे, ते बारीक भोक धुळीने, गंजाने, धुताना मारलेल्या पाण्याने बुजतं. टूरवर जाणाऱ्यांनी अजून एक बघा, टँक बॅगचं रबरी बूड किंवा पावसाळी कव्हर झाकणावर घट्ट बसलं तरी हेच होतं आणि हे मेकॅनिकला कधीच सापडत नाही कारण त्याच्याकडे गाडी बॅग काढूनच जाते.

घरी धार मोजा. थंड इंजिन, मोकळी हवा, आसपास विडी काडी काही नको. ड्रेनच्या तोंडाला पाइप लावून मापाच्या बाटलीत एक मिनिट पेट्रोल सोडा, सुरुवातीची जोराची धार बाऊलमधल्या साठ्याची असते ती सोडून द्या. हिशोब साधा आहे, ३५ चं एव्हरेज आणि ८० चा स्पीड धरला तर तासाला सव्वादोन लिटरच्या आसपास म्हणजे मिनिटाला ३८ मिली लागतं, चढावर दुप्पट धरा. मी १५० मिलीच्या खाली आलं की शोधायला लागतो. झाकण उघडून धार वाढली तर परत वेंट. नाही वाढली तर कार्बकडचा पाइप काढून तिथे मोजा, तिथे चांगली असेल तर नीडल बघा, तिथेही बारीकच असेल तर फिल्टर नाहीतर कॉक. कॉक रिझर्व्हला टाकल्यावर फरक पडला तर टाकीतल्या जाळीवर गंज साचलाय असं समजा. मधे कुणी बाजारातला इंजेक्शनच्या गाडीचा फिल्टर बसवला असेल तर काढून टाका, तो पंपाच्या प्रेशरवर चालतो, तुमच्याकडे पेट्रोल नुसतं वजनाने खाली येतं. पाइपही वर उचललेला किंवा इंजिनच्या गरम हेडला चिकटलेला नको.

इथेनॉलबद्दलही सांगतो कारण २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपावर यायला लागलं आणि तुमची गाडी त्याच्या आधीची आहे. जुने रबरी पाइप त्याने फुगतात नाहीतर कडक होऊन तडकतात, आणि टाकीतली जुनी घाण सुटून खाली येते. पाइप बदलताना इथेनॉलला चालणारा मागून घ्या आणि काढलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत तासभर ठेवून तळाला पाणी किंवा लाल भुकटी दिसते का बघा. दिसली तर टाकी काढून साफ करण्याशिवाय गत्यंतर नाही.

प्रश्न : पावसाळाभर गाडी उभी होती, आता फक्त चोकवर (थंड गाडी सुरू करताना ओढतो तो) चालते, चोक काढला की बंद. माझीही कार्बवाली थंडरबर्डच आहे.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्याकडे मात्र कार्ब खोलायचाच. बाऊलमधलं पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट थर राहतो आणि पायलट जेटचं, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर गाडीला पेट्रोल देणाऱ्या जेटचं, बारीक भोक बुजतं. क्लीनर स्प्रे आणि हवा एवढंच वापरा, जेटमध्ये तार घालू नका आणि कुणाला घालूही देऊ नका, भोक मोठं झालं की आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल न देता गाडी चालू राहणं, परत कधी नीट लागत नाही. खोलला आहेच तर वरचं रबरी डायफ्राम (पातळ पडदा) उजेडासमोर धरून कुठे फाटलंय का बघा, आणि स्प्रे त्याच्यावर पडू देऊ नका. पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी करायची असेल तर कॉक बंद करून बाऊल रिकामा करा आणि टाकी काठोकाठ भरून ठेवा, अर्धवट टाकीतल्या दमट हवेनेच आतून गंज धरतो, कोकणात तर फारच.