रुमालाखालची बोटं

कोल्हापूर,
रविवार

बाळ,

तुझी हेरकथा वाचून झाली. पहिली सव्वाशे पानं एका बैठकीत संपली, उरलेल्या ऐंशी पानांना चार दिवस लागले. माझं मत खरं तर यातच आलं, पण एवढ्यावर तुला सोडणं बरं नाही.

तुझा नायक इस्तंबूलला उतरतो, मार्टिनी मागवतो, खिशात बेरेटा पिस्तूल ठेवतो. आणि सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितोस, ‘माझ्या आयुष्यात काही घडतच नाही, म्हणून बाहेरचं लिहावं लागतं.’ घोटाळा इथंच आहे.

हा नायक तू ज्याच्याकडून उसना आणलास, त्या जेम्स बाँड लिहिणाऱ्या इयान फ्लेमिंगच्या आयुष्यात तरी काय घडत होतं? १९३९ साली तो ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात लागला, संचालक जॉन गॉडफ्री यांचा स्वीय सहायक म्हणून. ॲडमिरल्टीतली, म्हणजे नौदलाच्या मुख्यालयातली, ३९ नंबरची खोली, टेबल, फायली आणि फोन. योजना त्यानं एकापेक्षा एक आखल्या, पण शत्रूच्या मुलखात जायची कामं दुसऱ्यांनी केली. त्याच्या डोक्यात युद्धातली मोठमोठी गुपितं होती, त्यामुळे त्याला शत्रूच्या हाती लागू देणं परवडणारं नव्हतं. म्हणजे सगळं माहीत असलेला आणि मोहिमेवर स्वतः न उतरलेला माणूस. बाँड त्या खुर्चीत जन्मला.

१९४१ सालची एक गोष्ट आहे. गॉडफ्री आणि फ्लेमिंग पोर्तुगालमध्ये एस्तोरिलच्या कॅसिनोत गेले. युद्धात तटस्थ राहिलेला देश, त्यामुळे तिथं सगळ्याच बाजूंचे हेर हिंडत. टेबलावर समोर बसलेले मात्र साधे पोर्तुगीज व्यापारी होते. फ्लेमिंगनं मनातल्या मनात त्यांना जर्मन हेर करून टाकलं, त्यांना लुटायचं म्हणून खेळायला बसला आणि स्वतःच धुऊन निघाला. बारा वर्षांनी ‘कसिनो रोयाल’ हे बाँडचं पहिलं पुस्तक आलं, तेव्हा त्यात समोर खरोखरच शत्रूचा खजिनदार होता आणि बाँड जिंकला.

लोक ही गोष्ट एवढीच सांगतात. पण पुस्तक नीट बघ. बाँड आधी हरतो, पार कफल्लक होतो. मग अमेरिकन मित्र पैशांचं पाकीट पाठवतो आणि डाव उलटतो. फ्लेमिंगला त्या रात्री असलं पाकीट कुणी दिलं नव्हतं. हरल्यावर पोटात पडणारा खड्डा अनुभवाचा आहे, पाकीट इच्छेचं आहे. माझ्या मते त्या पुस्तकाची ताकद खड्ड्यात आहे. तुझा नायक २०५ पानांत एकदाही हरत नाही, लेका.

बाकी सवयी फ्लेमिंगनं बाँडला सरळ देऊन टाकल्या. कमांडर हा हुद्दा स्वतःचा, सोनेरी पट्ट्यांच्या खास वळून घेतलेल्या सिगारेटी स्वतःच्या, अंड्यांचं वेडही स्वतःचं. पहिल्याच पुस्तकात बाँड दिवसातली सत्तरावी सिगारेट पेटवतो. १९६१ च्या ‘थंडरबॉल’मध्ये डॉक्टरचा अहवाल वाचून साहेब त्याला निसर्गोपचाराला धाडतात, आणि फ्लेमिंगही तसल्या ठिकाणी जाऊन आला होता. फरक एवढाच की बाँड तिथून ठणठणीत बाहेर पडतो. फ्लेमिंग १९६४ मध्ये छप्पन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेला.

दुसरा इंग्रज हेरकथाकार जॉन ल कारे, त्याचं उलटं. तो खरोखर दोन्ही ब्रिटिश गुप्तचर संस्थांत होता, तरी त्याच्या हेरांचं मूळ मला त्याच्या घरात दिसतं. बाप अट्टल ठग, आई पाचव्या वर्षी सोडून गेलेली. बापाच्या थापा सांभाळत वाढलेल्या पोराला खोटं नाव घेऊन जगायला वेगळं काय शिकवायचं?

तुझं बेरेटाही बघून घे. १९५६ मध्ये ग्लासगोच्या बूथरॉइड नावाच्या एका वाचकानं फ्लेमिंगला कळवलं की ते पिस्तूल बायकी आहे, हेराला शोभत नाही. ‘डॉ. नो’मध्ये बाँडच्या हाती वॉल्थर आलं आणि शस्त्रं देणाऱ्या मेजरला नाव मिळालं बूथरॉइड. पिस्तुलाची माहिती अशी कुणीही पुरवतं. ती नसली म्हणून अडत नाही.

माझंही सांगतो. तरुणपणी मी सतरा रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयात एकदा एका बाई म्हणाल्या, ‘तुमच्या प्रत्येक पुस्तकात कुणीतरी कुणाचे तरी पैसे बुडवतो. तुमचे बुडवलेत का हो कुणी?’ प्रकाशकानं खरंच बुडवले होते, सतराच्या सतरांचे. मला वाटायचं मी खुनाच्या गोष्टी लिहितोय.

तर तुझ्या वहीचं पान ११२. नायकाला इस्तंबूलच्या बाजारात उगाच लहानपण आठवतं आणि अर्ध्या पानात तुझे आबा येऊन जातात. वडगावचा जनावरांचा बाजार, शेणाचा वास, खोंडाचे दात बघणारा गिऱ्हाईक, आणि आबा हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी. दोघांच्या हातांवर रुमाल पडतो. आत बोटं धरली जातात, पेरं दाबलं जातं, आकडा ठरतो. भोवती वीस माणसं असून कुणाला कळत नाही. तू लिहिलंयस, ‘आबा तेवढ्यात दुसऱ्याच माणसाशी पावसाचं बोलत होते.’ हे वाचून मी वही खाली ठेवली आणि उठून पाणी प्यालो. चेहरा एका कामाला आणि हात दुसऱ्या! सबंध वहीत हेर मला तेवढाच दिसला. आणि तू त्याला अर्ध्या पानात उरकून पुन्हा मार्टिनीकडं वळलास.

इस्तंबूल काढून टाक असं मी म्हणत नाही. हवं तर ठेव. पण तिथल्या सौद्यात तुझ्या नायकाच्या हातावर रुमाल पडू दे, आणि ज्याची बोटं त्यानं धरलीत तो त्याच्याहून मुरलेला असू दे.

शनिवारी संध्याकाळी रंकाळ्यावर ये, नेहमीच्या कट्ट्यावर. येताना आबांना एक विचारून ये. आकडा पटला नाही, तर रुमालाखालून हात आधी कोण काढतो? आणि तो काढताना तोंडानं काय बोलतो?

तुझा,
काका